बुडबुडा म्हणून सोडलेली रेघ

आमच्या प्रयोगशाळेत काहीही बिघडलं की पहिला संशय बुडबुड्यावर जातो.

मोहालीच्या नॉलेज सिटीत आम्ही जीवाणू पकडणाऱ्या चिप बनवतो. करंगळीच्या नखाएवढी काच असते. तिच्यावर सोन्याच्या अतिशय पातळ थराचे दोन कंगवे, एकमेकांच्या दातांत दात घातलेले. त्या सोन्यावर आम्ही अँटीबॉडी चिकटवतो. त्या एका ठरावीक जीवाणूलाच धरून ठेवतात, बाकीचे वाहून जातात. रक्ताचा, पाण्याचा किंवा लघवीचा थेंब एका बारीक नळीतून त्यावरून हळूहळू सरकवायचा. तो जीवाणू असला तर सोन्यावर अडकतो. जसजसे जास्त अडकतात, तसतसा विजेला होणारा अडथळा वाढतो आणि संगणकाच्या पडद्यावरची रेघ वर चढू लागते. जीवाणू नसला तर रेघ आडवीच राहते. हॉस्पिटलातल्या नेहमीच्या तपासणीत जीवाणू वाढवून ओळखायला दोन दिवस जातात. ते काम चहा पिऊन होईपर्यंत व्हावं, एवढ्यासाठी आमची सगळी धडपड.

पण हवेचा बारीकसा बुडबुडा त्या सोन्यावर बसला, तरी अडथळा वाढतो आणि रेघ वर जाते. फरक असतो. बुडबुड्याने रेघ पायरीसारखी एकदम उडी मारते आणि मग सपाट होते. जीवाणूंनी ती घाटातल्या रस्त्यासारखी सावकाश चढते. नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात मी हे फळ्यावर काढून दाखवतो. मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. सोमवारी आमच्या प्रकल्पाची पाहणी करायला बाहेरची समिती यायची होती. आजारी माणसांच्या नमुन्यांवर चिप चालते हे आमच्याकडे दाखवायला होतं. निरोगी माणसांच्या नमुन्यांवर ती गप्प बसते, हे दाखवायला पुरेसं नव्हतं. परवानगी घेऊन हॉस्पिटलातून येणारे नमुने लांबले होते. नवी चिप पहिल्यांदा चालवून बघायची तर स्वतःचाच नमुना घालायचा, ही आमच्या कामातली कुठेही न लिहिलेली रीत आहे. सगळेच करतात. फक्त तो आकडा निकालात धरायचा नाही, एवढं पथ्य असतं. मी ते मोडायचं ठरवलं होतं. माझा, बायकोचा आणि आईचा, असे तीन निरोगी नमुने. नावं नाहीत, घरचे आहेत हे सांगायचं नाही.

आई कराडहून आमच्याकडे झिरकपूरला आली होती. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून वर्गातलाच. शनिवारी सकाळी ती हीटरसमोर शाल गुंडाळून बसली होती. मी झाकणाची छोटी बाटली तिच्यापुढे धरली.

"यात काय देऊ? तूप?"

"लघवी पाहिजे, आई. प्रयोगासाठी."

तिने बाटलीकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दिशेने आवाज चढवला. "ऐकलंस का गं? एवढा शिकला, परदेश फिरून आला, आणि आता आईचं मूत मागतोय. लहानपणी तू मला रोज देत होतास की रे, न मागता, अंगावर."

"माझं सकाळीच नेऊन ठेवलंय त्यांनी, आई," बायको आतून म्हणाली. "या घरात कुणी सुटत नाही."

"पण माझंच कशाला? म्हातारीचं?"

"निरोगी माणसाचं हवंय."

हे मात्र तिला आवडलं. तिने बाटली घेतली. उठता उठता म्हणाली, "निकाल सांग हां मला. पास का नापास. नुसतं घेऊन जायचं आणि विसरायचं, असं नको."

बाथरूममधून ती बऱ्याच वेळाने आली. "फरशी आहे का बर्फाची लादी? म्हणून तर मी पाणीच पीत नाही. प्यायलं की जावं लागतं." आम्ही हसलो. आदल्या दिवशी ती सारखी आत-बाहेर करत होती, हे बायकोने मला सांगितलं होतं. थंडीने होतं, असं मी म्हणालो होतो.

प्रयोगशाळेत त्या दिवशी माझी एकच विद्यार्थिनी होती, पटियाळ्याची, पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षाला. नमुने कुणाचे हे मी तिलाही सांगितलं नाही. माझी रेघ आडवी गेली. बायकोची आडवी गेली. तिसरी चिप लावली. थोडा वेळ रेघ शांत होती आणि मग तिने उडी मारली.

"बबल, सर," ती म्हणाली.

"बबल," मी म्हणालो, आणि मला बरं वाटलं.

पण पायरीनंतर रेघ सपाट झाली नाही. वर गेली, तिथून पुढे सावकाश चढत राहिली. विद्यार्थिनी खुर्ची पुढे ओढून बघत होती.

"सर, ये तो बाद में भी चढ़ रही है।"

"बबल फैल रहा होगा।"

"एक बार और चला लें?"

चांगल्या चिप हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या. एक चिप एकदाच वापरता येते. सोमवारी समितीसमोर चालवायला त्या लागणार होत्या. "रहने दे," मी म्हणालो. "शुरू का हिस्सा ले लेंगे, उछाल से पहले वाला।" म्हणजे रेघ जिथपर्यंत आडवी होती तिथपर्यंतच ठेवायची. तिने मान हलवली. बाटलीत उरलेलं मी ब्लीचमध्ये ओतलं आणि हात धुतले.

घरी येताना गाडीत मी आणखी एक विचार केला. वयस्कर बायकांच्या लघवीत जीवाणू बरेचदा सापडतात, त्रास नसेल तर डॉक्टर औषधही देत नाहीत. हे खरंच आहे. पण तो बुडबुडा असेल तर जीवाणूंबद्दल मनाला समजावायची गरज नव्हती, आणि जीवाणू असतील तर तो बुडबुडा नव्हता. दोन्ही सबबी मी एकदमच खिशात घालून घरी आलो, आणि त्या एकमेकींना खोटं पाडतात हे माझ्या लक्षात आलं नाही. मी शास्त्रज्ञ आहे.

दार उघडल्या उघडल्या आईने विचारलं, "काय रे, पास का नापास?"

"पास."

"किती मार्क?"

"पैकीच्या पैकी."

"बघ," ती माझ्या मुलीला म्हणाली, "तुझी आजी पहिली आली."

"काँग्रॅट्स आजी, पार्टी तो बनती है," मुलगी फोनमधून डोकं न काढता म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं. आई खूश होती. जेवली मात्र अर्धी भाकरी.

रविवारी सकाळी बायकोने मला उठवलं. "अहो, आईंचं काहीतरी वेगळंच चाललंय. बघा जरा."

आई पलंगावर साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन बसली होती. घंटा झाली का, असं तिने मला विचारलं. मी म्हणालो, आज रविवार आहे आई, आणि आपण झिरकपूरला आहोत. "हो हो, माहीत आहे," ती म्हणाली. थोड्या वेळाने परत, घंटा झाली का. ताप बघितला, नव्हता. खोकला नाही, पोटदुखी नाही. बायको म्हणाली, डॉक्टरांना दाखवू या. मी म्हणालो, गावाची आठवण येत असेल, थंडीने झोप झाली नसेल, दुपारपर्यंत बघू.

दुपारपर्यंत बघू, हे मीच म्हणालो.

दुपारी ती झोपली. झोपेतही बोलत होती. मी दुसऱ्या खोलीत बसून सोमवारच्या सादरीकरणाच्या स्लाइड करत होतो. एका स्लाइडवर तीन आडव्या रेघा होत्या. तिसरी बाकीच्या दोघींच्या अर्ध्यावरच संपत होती, म्हणून मी पहिल्या दोनही तेवढ्याच कापून सारख्या केल्या. ते करत असतानाच मुलगी दारात आली. तिच्या चेहऱ्यावरची थट्टा गेली होती.

"पापा, आजी मुझे पहचान नहीं रही। और उनके हाथ बहुत ठंडे हैं।"

आईचे हात गारठले होते आणि श्वास जोरजोरात चालला होता, जिने चढून आल्यासारखा. जीभ जड झाली होती. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "दादा, बाबांना सांगू नकोस." दादा म्हणजे माझा मामा. तो जाऊन किती वर्षं झाली.

त्या क्षणी ती रेघ मला स्पष्ट दिसली. पायरी, आणि तिच्यापुढचा चढ. बुडबुडा आला होता हे खरं होतं. त्याच्या मागून दुसरंही आलं होतं. पहिलं बघून मी दुसऱ्याकडे डोळे मिटले होते. म्हाताऱ्या माणसांत लघवीचा संसर्ग तापाशिवाय, नुसता बडबडीतून दिसू शकतो. आमच्या प्रकल्पाच्या अर्जात पहिल्याच परिच्छेदात मी हे वाक्य लिहिलेलं आहे.

गाडी काढली. बायको मागे आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली. झिरकपूरच्या हमरस्त्यावर मॅरेज पॅलेसची रांगच रांग आहे, आणि लग्नाचा दिवस असावा. एका पॅलेससमोर वरात रस्त्यातच थांबली होती. बँड वाजत होता, घोडीपुढे माणसं नाचत होती. मागे बस, ट्रक, सगळे हॉर्न वाजवत उभे. मी काच खाली करून एका नाचणाऱ्या माणसाला हात जोडले. "पेशंट है जी, रास्ता दे दो।" तो माणूस भला निघाला. स्वतः पुढे होऊन त्याने वरात बाजूला ढकलली. बँड मात्र थांबला नाही.

"डॉक्टरांना काय सांगायचं?" बायकोने विचारलं. "नीट आठवून ठेवा. कधीपासून, काय काय."

मी आरशात तिच्याकडे बघितलं. सांगायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "हं."

का नाही सांगितलं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केलाय. नोकरीची भीती होती, परवानगीशिवाय घरचा नमुना चालवला हे बाहेर येईल ही भीती होती. पण गाडीत त्यातलं काहीच मनात नव्हतं. तिथे फक्त बायको होती. सकाळी ती म्हणाली होती दाखवू या, आणि मी नको म्हणालो होतो. एवढंच सांगायची हिंमत नव्हती.

मोठ्या हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात तरुण डॉक्टरांनी तिला लगेच घेतलं. जड जीभ, असंबद्ध बोलणं, एकाएकी सुरू झालेलं. मेंदूचा झटका असू शकतो, आधी स्कॅन. त्यांचं काही चुकलं नाही, जे दिसत होतं त्यावरून कुणीही तेच म्हणालं असतं. स्कॅनच्या दारासमोर स्ट्रेचरांची रांग होती. आमचं स्ट्रेचर तिच्या शेवटाला लावलं. मी बाजूला उभा होतो. मला माहीत होतं की ही चुकीची रांग असू शकते, आणि मी रांगेत उभा होतो.

आई डोळे मिटून होती. अचानक तिने वर्गातला आवाज काढला. "रांगेत उभं राहा! ढकलाढकली नको! मागच्या मुली, बोलायचं नाही!"

शेजारच्या स्ट्रेचरवरचा सरदारजी पाय प्लास्टरमध्ये असूनही दचकला. तिथून जाणाऱ्या एक डॉक्टर थांबल्या. पन्नाशीच्या, कानावर मफलर, हातात चहाचा कागदी कप. "कुठल्या हो तुम्ही?" त्यांनी मराठीत विचारलं. बोलण्यावरून वऱ्हाडातल्या. त्या तिथल्याच वरिष्ठ निघाल्या. आईचं मनगट धरलं, कागद बघितला.

"बीपी इतकं खाली? झटक्यात सहसा वर असते." त्यांनी कप खाली ठेवला. "लघवीचा काही त्रास? जळजळ, सारखं जाणं?"

"जात होती सारखी, थंडीने असेल," बायको म्हणाली. "पण कालच यांनी तपासली होती. एकदम चांगली होती."

"कुठं तपासली?"

"यांच्या लॅबमध्ये. हे तेच काम करतात, जीवाणू शोधायचं."

डॉक्टरांनी माझ्याकडे आदराने बघितलं. मी तो आदर विसरू शकत नाही. "अच्छा, मग लघवी तर साफ आहे म्हणायची," त्या म्हणाल्या आणि कागद उलटला.

बायको खोटं बोलली नव्हती. माझं खोटं तिने विश्वासाने पुढे दिलं होतं. आता ते आईच्या कागदावर जाणार होतं.

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?"

"लघवी साफ नव्हती. काल रेघ चढली होती. म्हणजे जीवाणू होते. मी बुडबुडा म्हणून सोडून दिलं. घरी सांगितलं पास झाली."

बायको माझ्याकडे बघत होती. "काल?" ती म्हणाली. आणि मग, "सकाळी मी म्हणाले तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"



डॉक्टरांना मध्ये पडायला वेळ नव्हता. "तुमच्या त्या चिपवर कोणता जंतू दिसतो?" मी नाव सांगितलं. "फक्त तोच? बाकीचे?"

"बाकीचे दिसत नाहीत."

"काल पाहिलं, आणि भाऊ, आता सांगून राहिले तुम्ही?" त्या उत्तराची वाट न बघता वळल्या. "तुमची चिप मी धरत नाही, ती अजून कुणी तपासलेली नाही. पण म्हातारी बाई, ताप नाही, बडबड, थंड हात, बीपी खाली. हे रक्तात उतरलं असू शकते." त्यांनी हिंदीत दोघांना हाका मारल्या. स्ट्रेचर रांगेतून बाहेर निघालं. रक्त घेतलं, नळी घालून लघवी घेतली, सलाइन चढलं, अँटिबायोटिक सुरू झालं. स्कॅन नंतर झालाच, तो चांगला आला.

अतिदक्षता विभागाबाहेर लोखंडी बाकावर बायको माझ्या शेजारी बसली, पण मध्ये एका माणसाची जागा सोडून. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने शाल माझ्याकडे दिली, पाण्याची बाटली दिली, मुलीला फोन करून कुकर कसा लावायचा ते सांगितलं. माझ्याशी एक शब्द नाही. आतून कुणी बाहेर आलं की आम्ही दोघंही उभे राहत होतो, आणि ते दुसऱ्याच कुणासाठी असलं की परत आपापल्या टोकाला बसत होतो.

सोमवारी सकाळी आईचं बीपी सावरलं असं सांगितलं गेलं, तेव्हा मी जिन्यात जाऊन विभागप्रमुखांना फोन केला. ते तीन नमुने घरचे आहेत, परवानगी नाही, आणि तिसरी रेघ मी कापली आहे.  पाहणी त्या स्लाइडशिवाय झाली. चौकशी झाली, आमचं नमुन्यांचं काम काही महिने बंद राहिलं. ते योग्यच होतं.

संध्याकाळी विद्यार्थिनी हॉस्पिटलात आली, आईसाठी घरच्या पिन्न्यांचा, म्हणजे कणकेच्या लाडवांचा, डबा घेऊन. नमुना कुणाचा होता हे तिला तोवर कळलं होतं. "सर, मुझे लगा था कि चढ़ रही है," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "पर आपने बबल बोला, तो..."  तिला बुडबुडा म्हणायला मीच शिकवलं होतं.

दोन दिवसांनी तपासणीचा निकाल आला. लघवीत आणि रक्तात एकच जीवाणू वाढला होता, आमच्या चिपवर अडकतो तोच. चिप बरोबर निघाली. सहकारी म्हणाले, बघ, चालते! मला तो आनंद घेता आला नाही, अजूनही येत नाही.

त्याच दुपारी आईने मला ओळखलं. आधी सुनेला ओळखलं, मग मला. ओठ सुकले होते, हाताला पट्ट्या. आपण कुठे आहोत, किती दिवस झाले, हे विचारून झाल्यावर म्हणाली, "मला झालं काय रे?"

बायको पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसून संत्रं सोलत होती. तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे बघितलं, रविवारनंतर पहिल्यांदा सरळ.

"लघवीतले जंतू रक्तात गेले," मी म्हणालो.

"पण तू तपासलं होतंस ना? पास झाले होते मी."

"नाही आई. नापास होतीस. मला रेघ दिसली होती. मला ती नको होती म्हणून मी नीट बघितलं नाही. परत चालवली असती तर कळलं असतं. चिप सोमवारसाठी वाचवली."

तिला सगळं समजलं की नाही, मला सांगता येणार नाही.  पण तिच्या कपाळावर ती आठी उमटली, जी मी लहानपणी तिच्या वर्गाच्या खिडकीतून बघायचो.

"म्हणजे पेपर तपासलाच नाहीस," ती म्हणाली. "न तपासता मार्क दिलेस."

"हो."

"मला."

"हो, आई."

तिने मान दुसरीकडे, सुनेकडे वळवली. असू दे, म्हणाली नाही. मी वाट बघत होतो, ती म्हणेल म्हणून. आया तसं म्हणतात. ती नाही म्हणाली, आणि आजवर म्हणालेली नाही. थोड्या वेळाने पाणी मागितलं. मी भांडं तिच्या ओठांना लावलं. थंड फरशीची आता तिला काळजी नव्हती, सगळं भांडं तिने सावकाश संपवलं आणि रिकामं माझ्या हातात दिलं. "आणखी आण," म्हणाली.

मी भांडं घेऊन उठलो. पाठीमागे बायको संत्र्याची फोड तिच्या तोंडात घालत होती. दारापाशी पोचलो तेव्हा बायकोचा आवाज आला, रविवारनंतरचं मला उद्देशून पहिलंच वाक्य. "आणि येताना आजचा रिपोर्ट घेऊन या. मला स्वतःला बघायचाय."